पेरूच्या अँडीजमध्ये शाकाहारी ट्रेक : वाटा, उंची आणि स्वयंपाक्याशी बोलणी

पायरव

यंदाच्या कोरड्या हंगामात मी, माझे यजमान आणि आमचा एक ट्रेकर मित्र असे तिघे जण पेरूतील अँडीज पर्वतात भटकून आलो. आम्ही तिघेही शाकाहारी आहोत. मित्र अंडी खातो, आम्ही दोघे खात नाही. जाण्यापूर्वी माहिती जमवताना दोन टोकांची मते कानावर येत होती. तिकडे गिनीपिग आणि अल्पाका खातात, तुमची उपासमार होणार, अशी भीती काही जण घालत होते; आता जगात कुठेही सगळे मिळते, काळजी कशाला, असे इतर सांगत होते. प्रत्यक्षात तिथल्या डोंगरांत शाकाहारी माणसाला पुरून उरेल इतके अन्न पिकते, मात्र ते आपल्या ताटात पडेपर्यंत शाकाहारी राहावे यासाठी ट्रेक कंपनीशी बोलून भागत नाही. जो प्रत्यक्ष चुलीपाशी बसणार आहे त्याच्याशी, आणि तेही त्याचा बाजारहाट होण्याआधी, बोलावे लागते. हा धागा मुख्यतः त्यासाठी काढत आहे.

आम्ही दोन ट्रेक केले. पहिला वारास शहराजवळचा सांता क्रूझ आणि दुसरा कुस्कोजवळचा साल्कांताय. लिमाहून वारासला बसने सुमारे ४०० किलोमीटर आणि आठ तास लागतात. ही बस समुद्रसपाटीवरून निघून कोनोकोचा येथे ४,००० मीटरच्या वर चढते आणि मग ३,०५० मीटरवरच्या वारासला उतरते, त्यामुळे डोके दुखायला बसमध्येच सुरुवात होते. तिथे काही दिवस राहून, आसपासच्या तळ्यांपर्यंत चढउतार करून मगच ट्रेकला निघावे. सांता क्रूझची वाट काशापाम्पा ते वाकेरिया अशी साधारण ५० किलोमीटरची आणि चार दिवसांची आहे; पुंता उनियोन ही तिची सर्वांत उंच खिंड ४,७५० मीटरवर आहे. सामान गाढवांवर जाते. वास्करान राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९७५ साली झाली आणि १९८५ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. परतीची गाडी यांगानुकोच्या घाटातून युंगायला उतरते. ३१ मे १९७० च्या भूकंपात वास्करानच्या उत्तर शिखरावरून सुटलेल्या बर्फाने आणि दगडांनी जुने युंगाय गाव गाडले गेले. त्या जागी आज स्मृतिस्थळ आहे. गाडीवाल्याला सांगून तिथे थांबावेच.

आता जेवणाविषयी. कंपनीच्या अर्जात 'शाकाहारी' या चौकटीत आम्ही खूण केली होती आणि इ-मेलमध्येही तसे लिहिले होते. कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण ही पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच आहे असे नंतर इतरांकडूनही ऐकले. पहिल्या मुक्कामी किन्वाचे सूप आले. भोपळा, गाजर, बटाटा, वर ओरेगानोची चिमूट, आणि थंडीत त्याचा वास असा सुटला होता की आम्ही दोन-दोन वाडगे प्यायलो. दुसऱ्या संध्याकाळी मी हात शेकायला स्वयंपाकाच्या तंबूत गेले, तेव्हा स्वयंपाकीदादांनी पिवळ्या पाकिटाचा कोपरा दाताने फाडून त्यातली पूड उकळत्या पातेल्यात झटकली. पाकिटावर कोंबडीचे चित्र होते. त्यांच्या मनात फसवणूक नव्हती. सूपमध्ये मांसाचा तुकडा नाही, म्हणजे ते शाकाहारी, असा त्यांचा सरळ हिशोब होता आणि आमचा अर्ज त्यांच्यापर्यंत 'तीन शाकाहारी' एवढ्या दोन शब्दांतच पोहोचला होता. मी चित्राकडे बोट दाखवून मान हलवली, तेव्हा त्यांनी हसून पातेले बाजूला ठेवले आणि दुसरे चढवले. त्यानंतर ट्रेक संपेपर्यंत कसलीच अडचण आली नाही. आले, लसूण, कोथिंबीर आणि हुआकाताय नावाची तिथली पाने घालून ते जे सूप करत, ते त्या पुडीच्या सूपापेक्षा कितीतरी सरस होते.

साल्कांतायच्या वेळी आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाक्याला भेटण्याचा हट्ट धरला. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात त्यांच्याबरोबर फिरलो, काय चालते आणि काय नाही हे वस्तू हातात घेऊन दाखवले. सोयीसाठी वाक्येही देते: 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन', म्हणजे मांस, कोंबडी, मासे, हॅम यांपैकी काहीच खात नाही. ही यादी पूर्ण म्हणावी लागते, कारण नुसते 'कार्ने नको' म्हटले तर बहुतेकांच्या मनात फक्त गोमांस येते आणि कोंबडी खुशाल ताटात पडते. त्याला 'सिन काल्दो दे पोयो' म्हणजे कोंबडीच्या रश्शाशिवाय आणि 'सिन मान्तेका' म्हणजे चरबीशिवाय, हे जोडावे. अंडे चालत नसेल तर 'सिन उएवो'. कुस्कोकडच्या अनेक स्वयंपाक्यांची घरची भाषा केचुआ असते. त्यांना 'मानान आयचाता मिखुनिचु', म्हणजे मी मांस खात नाही, असे म्हटले की चेहरा उजळतो आणि पुढचे बोलणे सोपे होते.

ज्यांना आणखी माहिती आहे त्यांनी इथे भर घालावी. प्रश्नही विचारावेत.

सांजवारा

पायरवताई, उत्तम लेख. मात्र एक शंका मनात येते. गाढवे हाकणाऱ्या आणि चार हजार मीटरवर बोचऱ्या वाऱ्यात चूल पेटवणाऱ्या माणसाकडून आपण मसाल्याच्या पुडीपर्यंतचा हिशोब मागावा, हे जरा जास्तच होत नाही का? मी स्वतः शाकाहारी आहे, पण परदेशात तुकडा बाजूला काढून जेवतो. जिथे माणसे जे पिकते आणि जे पाळता येते त्यावर शतकानुशतके जगत आली, तिथे पाहुण्याने थोडे नमते घ्यावे असे माझे मत आहे.

पायरव

सांजवारा, तुमचे मत मला पूर्णपणे अमान्य नाही. कुणाच्या घरी अचानक गेलो आणि त्यांनी हौसेने काही पुढे केले, तर तिथे मी नियमावली काढणार नाही. नम्रपणे बटाटा उचलीन. ट्रेकची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपण पैसे मोजून सेवा घेतो, स्वयंपाकी हा त्या कामातला जाणकार असतो आणि आधी कळले तर त्याला पुडी न घालणे पुडी घालण्याइतकेच सोपे असते. त्रास त्याला तेव्हा होतो, जेव्हा शिजलेले पातेले आयत्या वेळी नाकारले जाते. म्हणूनच माझा सारा भर आधी बोलण्यावर आहे. तुकडा बाजूला काढून जेवायचे की नाही, हा प्रत्येकाचा प्रश्न आहे.

मेतकूटभात

आम्ही पुढच्या वर्षी साल्कांताय करायचे ठरवत आहोत. घरचे ज्येष्ठ सोबत आहेत आणि त्यांना रोज वरणभात लागतो. तूरडाळ बरोबर नेली तर ती त्या उंचीवर शिजेल का? छोटा कुकर न्यावा का?

खिंडकरी

मेतकूटभात, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजणार नाही, हे आधीच गृहीत धरा. साधारण ४,२०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. त्यापुढे कितीही जाळ केला तरी पाणी आटते, तापमान वाढत नाही. भात कसाबसा होतो, पण आत कणी राहते. मोठ्या गटांबरोबर जाणाऱ्या अनेक स्वयंपाक्यांकडे स्वतःचा प्रेशर कुकर असतो, तेव्हा आपला नेण्यापूर्वी विचारून घ्या. कुकर नसेल तर सोललेली मसूर डाळ न्यावी असे मी म्हणणार होतो, पण तीही न्यायची गरज नाही. मसूर तिकडे सर्रास मिळते. पेरूत सोमवारी मसूर खाण्याची जुनी रीतच आहे. फक्त त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे टाकण्याचीही रीत आहे, हे विसरू नका.

माझे मत विचाराल तर वरणाचा आग्रह डोंगरात सोडावा. किन्वा पंधरा-वीस मिनिटांत उकळत्या पाण्यात शिजतो आणि त्यात प्रथिने साधारण १४ टक्के असतात. तो नीट धुतलेला असावा, नाहीतर दाण्यावरच्या सॅपोनिनमुळे कडवट लागतो. त्याहून सरस आहे तारवी, म्हणजे अँडीजमधले ल्युपिनचे दाणे. त्यात सुक्या वजनाच्या जवळपास ४० टक्के प्रथिने भरतात. कच्चे दाणे अतिशय कडू आणि अपायकारक असतात. ते शिजवून नंतर कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवून त्यांतला कडूपणा काढतात. वारासमध्ये त्यांना चोचो म्हणतात आणि बाजारात बायका कांदा, टोमॅटो, कोथिंबीर व लिंबू घालून त्यांचे सेविचे विकतात. सेविचे म्हटले की मासा डोळ्यांसमोर येतो, पण चोचोच्या सेविचेमध्ये मासा नसतो. मी तिथे असताना दुपारचे जेवण बहुतेक वेळा तेच करत असे. उलट त्याच बाजारात युंका नावाचे, कांडून साल काढलेल्या गव्हाचे सूप मिळते. दिसायला निरुपद्रवी, पण ते परंपरेने कोंबडीबरोबर शिजवतात.

पायरव

खिंडकरी यांच्याशी सहमत. चोचोविषयी लिहायचे राहून गेले होते. भूक हा उंचीवरचा वेगळाच प्रश्न आहे, हेही ज्येष्ठांच्या बाबतीत लक्षात घ्यावे. चार हजार मीटरच्या वर अन्नावरची वासना उडते आणि अनोळखी चवीचा घास फिरू लागतो. तिथे घरचे मेतकूट, दाण्याची चटणी, लिंबाचे गोड लोणचे यांची खरी किंमत कळते. म्हणून पूर्ण जेवण नेऊ नये, तोंडीलावणे न्यावे. संध्याकाळी पाचच्या सुमारास तंबूत गरम पाणी, बिस्किटे आणि ताज्या मक्याच्या लाह्या येतात. त्यावर चटणी भुरभुरून दिली तेव्हा आमचे स्वयंपाकीदादा पाकिटाचा वास घेऊन त्यातले पदार्थ एकेक ओळखत बसले होते. लसूण आणि दाणे लगेच ओळखले, खोबऱ्यापाशी अडले.

अनुबंध

आमच्या घरी जैन आहार पाळतात. कांदा, लसूण, बटाटा यांपैकी काहीही चालत नाही. अशा माणसाने अँडीजचा विचारच सोडावा का? स्पष्ट उत्तर दिलेत तरी चालेल.

रानजाई

अनुबंध, सोडू नये, पण आपण कुठे जात आहोत याची पूर्ण कल्पना ठेवून जावे. बटाट्याची जन्मभूमीच ती. लिमामध्ये १९७१ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि अँडीजमध्ये बटाट्याच्या ४,००० हून अधिक देशी जाती आहेत. त्याशिवाय ओका, ओयुको, माश्वा हे कंदही रोजच्या जेवणात असतात. गोठवून, तुडवून आणि वाळवून केलेला चुन्योसुद्धा बटाटाच. काळे-पांढरे खडे दिसले म्हणून तो वेगळा पदार्थ समजू नका. थोडक्यात, कंदमूळ वर्ज्य असलेल्या माणसाला तिथल्या स्वयंपाकाचा अर्धा भाग बंद होतो.

उरलेला अर्धा मात्र चांगला आहे. माझ्या सासूबाई जैन आहार पाळतात आणि त्या माझ्याबरोबर कुस्कोला होत्या. किन्वा, मका, ताज्या आणि भाजलेल्या आबास शेंगा, म्हणजे आपल्याकडे काही ठिकाणी बाकला म्हणतात ते दाणे, लाल भोपळा, पालक, टोमॅटो, एवोकाडो, केळी आणि पपई यांवर त्यांचे व्यवस्थित भागले. मोठ्या दाण्यांचे उकडलेले कणीस चीजच्या जाड तुकड्याबरोबर रस्तोरस्ती मिळते. मात्र गावठी चीज बहुधा रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, जमवलेले असते, त्यामुळे त्या नुसते कणीस घेत. पूर्ण ट्रेकमध्ये स्वतंत्र स्वयंपाक हवा असेल तर आपल्यापुरता खासगी गट करावा लागतो आणि खर्च वाढतो. सामायिक गटात कांदा-लसणाविना वेगळे पातेले मागणे मला योग्य वाटत नाही. आम्ही सासूबाईंना ट्रेकला नेले नाही. पवित्र खोऱ्यातील ओयांतायताम्बो या गावी साधारण २,८०० मीटरवर मुक्काम केला, रोज एकेक चढाई केली आणि माचू पिक्चू रेल्वेने पाहिले. कुस्कोपेक्षा हे गाव खाली असल्याने त्यांना झोपही नीट लागली.

नकाशावाला

जेवणाच्या चर्चेत कागदपत्रे मागे पडू नयेत म्हणून लिहितो.

पेरूहून परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र असणे भारत सरकारने बंधनकारक केले आहे. आपण जंगलात गेलो नाही, फक्त डोंगरात होतो, हा युक्तिवाद मुंबईच्या विमानतळावर चालत नाही, कारण यादीत पूर्ण देशाचे नाव आहे. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण ती कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनते. काटेकोर शाकाहाऱ्यांनी यावर काय भूमिका घ्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते औषधाला आहाराचे नियम लावू नयेत.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा पर्यटक व्हिसा लागत नाही, अशी सवलत २०१७ पासून आहे. तरीही तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील दूतावासाकडून खात्री करून घ्या. अमेरिकेमार्गे जात असाल तर नुसते विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

खाद्यपदार्थ नेताना कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटे न्या आणि विमानतळावर ती जाहीर करा. कच्चे धान्य, बी-बियाणे, ताजी फळे नेऊ नका. परतताना कोकाची, म्हणजे ज्या झुडपापासून कोकेन बनते त्याची, पाने किंवा कोकाच्या चहाच्या पिशव्या चुकूनही आणू नका. पेरूत त्या किराणा दुकानात मिळतात, हॉटेलात फुकट देतात, पण भारतात कोकाचे पान १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते.

मेतकूटभात

नकाशावाला, अत्यंत उपयुक्त माहिती. कोकाचा चहा तिथे असताना प्यावा का? आणि उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचे काय?

खिंडकरी

चहा पिण्यास हरकत नाही, पण नोकरीत मादक द्रव्यांची चाचणी होणार असेल तर टाळावा; ती सकारात्मक येऊ शकते. त्याऐवजी मुन्याचा काढा मागावा. पुदिन्याच्या कुळातली ही रानवनस्पती वाटेच्या कडेलाच उगवते आणि पोट जड झाल्यावर तिचा चांगला उपयोग होतो. डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर विशेष सांगावे. गोळी घेतली म्हणून घाई करू नये. लिमाहून विमानाने थेट ३,४०० मीटरवरच्या कुस्कोला उतरून दुसऱ्या दिवशी साल्कांतायला निघणारे लोक मी पाहिले आहेत. ४,६०० मीटरच्या खिंडीखाली त्यांतले काही जण घोड्यावर बसलेले दिसतात.

उत्तरायण

मी काही वर्षे इक्वेडोरमध्ये कामानिमित्त होतो. पेरूची गर्दी नको असेल तर किलोतोआच्या फेरीचा विचार करावा. सिग्चोस, इसिनलिवी, चुग्चिलान अशा गावांतून चालत शेवटी सुमारे ३,९०० मीटरवरच्या ज्वालामुखीच्या काठावर पोहोचायचे आणि खाली हिरवे-निळे तळे पाहायचे. तंबू लागत नाही, रोज गावातल्या पाहुणघरात मुक्काम असतो आणि रात्रीचे जेवण त्यातच धरलेले असते. शाकाहाऱ्याच्या दृष्टीने त्या देशात दोन आधार आहेत. एक लोक्रो दे पापा, म्हणजे बटाट्याचे घट्ट सूप, त्यात चीज आणि वर एवोकाडोची फोड. दुसरा मेनेस्त्रा, म्हणजे शिजवलेली मसूर किंवा घेवडा आणि भात. दोन्ही मुळात शाकाहारी होऊ शकतात, पण रश्शाविषयी विचारणे तिथेही सुटत नाही. पाहुणघराच्या मालकीणबाई स्वतःच स्वयंपाक करतात, त्यामुळे पायरवताई म्हणतात तो निरोप पोहोचण्याचा प्रश्न मात्र येत नाही. दारात पाऊल टाकतानाच सांगून मोकळे व्हावे.

दक्षिणवारा

अर्जेंटिना आणि चिलीच्या दक्षिण टोकाकडचा पातागोनिया हा वेगळाच प्रकार आहे हे नमूद करतो. तिथे उंचीचा प्रश्न जवळपास नाही; फिट्झ रॉय शिखरच ३,४०५ मीटरचे आहे आणि वाटा त्याच्या कितीतरी खालून जातात. प्रश्न असतो तो वाऱ्याचा आणि मांसाहारी संस्कृतीचा, कारण त्या मैदानांचे अर्थकारण मेंढ्यांवर उभे राहिले. चिलीतील तोरेस देल पाइने उद्यानाच्या डब्ल्यू वाटेवरील निवाऱ्यांमध्ये शाकाहारी जेवण मिळते, मात्र ते मुक्कामाच्या आरक्षणाबरोबरच नोंदवावे लागते. स्वतः शिजवायचे असेल तर नेमून दिलेल्या जागीच स्टोव्ह पेटवता येतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये लागलेल्या आगीत तिथले हजारो हेक्टर क्षेत्र जळाले, तेव्हापासून याबाबत कुणाचीही गय केली जात नाही. गॅसची नळकांडी विमानातून नेता येत नाहीत, ती पुएर्तो नातालेसमध्ये घ्यावीत.

चिलीचे कृषी तपासणी खाते अतिशय कडक आहे. प्राणिज किंवा वनस्पतिजन्य काहीही बरोबर असेल तर अर्जात 'होय' लिहावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या सफरचंदासाठीही मोठा दंड होतो. पुरणपोळ्या, सुकामेवा, मसाले सगळे उघड सांगावे. मधाची बाटली घरीच ठेवावी.

सांजवारा

वरची चर्चा वाचता वाचता एक गोष्ट जाणवली. साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथला, बटाटा तर अँडीजचाच आणि हिरवी मिरचीही अमेरिका खंडातली. आपल्या आषाढी एकादशीच्या खिचडीत तूप, जिरे आणि मीठ सोडले तर इकडचे काय उरते? तिकडे आपली उपासमार होईल ही भीती घालणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

रानजाई

सांजवारा, त्यात राजगिराही जोडा. पेरूत त्याच्या भाऊबंदाला किविचा म्हणतात. सान पेद्रो बाजारात फुलवलेल्या किविचाच्या वड्या मिळतात, पातळ पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या, मधात किंवा काकवीत जमवलेल्या, दातांत अडकणाऱ्या. ट्रेकमध्ये खिशात ठेवायला त्यांच्याइतके सोयीचे काही नाही. सासूबाईंनी पिशवीभर घेतल्या आणि वाटेत सगळ्यांना वाटल्या. मध वर्ज्य असेल त्यांनी विचारून घ्यावे.

जून-जुलैत गेलात तर शेतात वातिया मिळते का पाहावे. बटाटे काढून झाल्यावर शेतातल्याच वाळलेल्या ढेकळांची लहानशी घुमटी रचतात, तिच्यात जाळ करून ढेकळे लालबुंद तापवतात, मग बटाटे आत टाकून घुमटी वरून फोडतात आणि सगळे मातीने झाकतात. अर्ध्या-पाऊण तासाने उकरून काढलेला बटाटा सोलताना बोटे भाजतात. त्याबरोबर रोकोतो मिरची आणि हुआकाताय पाट्यावर वाटून केलेली उचुकुता असते. आपल्या ठेच्याची सख्खी चुलतबहीण म्हणावी इतकी जहाल. चीज चालत नसेल तर ती बिनचीजची मागावी. पाचामांका मात्र वेगळी. तीही जमिनीत भाजतात, पण त्यात मांस असतेच.

मेतकूटभात

माचू पिक्चूला चालत नेणाऱ्या इंका ट्रेलविषयी कुणीच लिहिले नाही. तो करावा की साल्कांताय? ज्येष्ठांचा विचार करून सांगावे.

नकाशावाला

इंका ट्रेलवर रोज ५०० जणांनाच सोडतात आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, हमाल सगळे मोजले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष ट्रेकर दोनशेच्या आसपास असतात. परवाना अधिकृत कंपनीमार्फतच मिळतो आणि मे ते ऑगस्टच्या तारखा काही महिने आधीच संपतात. फेब्रुवारीत वाट देखभालीसाठी बंद असते. सर्वांत उंच खिंड वार्मिवान्युस्का ४,२१५ मीटरवर आहे, म्हणजे साल्कांतायच्या खिंडीपेक्षा जवळपास ४०० मीटर खाली. मात्र पायऱ्या फार आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांना चढ एकवेळ झेपेल, पण उतार झेपणार नाही. साल्कांतायला घोडा मिळतो, इंका ट्रेलवर मिळत नाही, ही बाब निर्णायक ठरावी.

आणखी एक गोष्ट. इंका ट्रेलवर सगळे सामान माणसांच्या पाठीवर जाते. हमालाच्या ओझ्याला २० किलोंची कायदेशीर मर्यादा आहे आणि त्यातून प्रत्येक ट्रेकरच्या वाट्याला साधारण सात किलो येतात. डाळ, तांदूळ, पिठे आणि लोणच्याच्या बरण्या नेण्याचा बेत असेल तर तो या सात किलोंत बसवावा लागेल.

पायरव

नकाशावाला यांनी म्हटल्याप्रमाणे ज्येष्ठांसाठी साल्कांतायच बरा, आणि त्यातही सोरायपाम्पापर्यंत गाडीने जाऊन उमांताय तळ्याची एक दिवसाची चढाई करून परत येण्याचा पर्याय हाताशी ठेवावा. मेतकूटभात, तुम्ही जूनमध्ये जाणार असाल तर एक सूचना. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी या सूर्योत्सवाचा सोहळा असतो आणि त्याच्या आगेमागे शहर तुडुंब भरते. स्वयंपाकी मंडळी एका गटातून दुसऱ्या गटात धावत असतात आणि आदल्या दिवशी बाजारात भेटायला त्यांना वेळ मिळत नाही. तुमच्या तारखा त्या आठवड्यातल्या असतील तर जाण्यापूर्वीच कंपनीकडून स्वयंपाक्याचा व्हॉट्सॲप क्रमांक मागून घ्या आणि वर दिलेली वाक्ये त्यालाच पाठवा. सोबत काय चालते त्याची यादीही द्या. काय चालत नाही एवढेच कळवले तर चार दिवस पास्ता मिळतो. तुमच्या नेमक्या तारखा कळल्या तर यादी स्पॅनिशमध्ये करून इथे टाकते.